फुंका, अजून फुंका!

दम्याच्या अभ्यासात काम करायचं म्हणजे दिवसभर लोकांना नळीत फुंकायला लावायचं. नळी तोंडात असते तेवढाच वेळ माणूस गप्प. बाहेर काढली की सून, शेत, गुडघे, सगळं सुरू! अमरावतीतल्या आमच्या छातीच्या दवाखान्यात पेशंटना अभ्यासात घ्यायचं, औषध समजावायचं, तपासणीला बोलवायचं, ही माझी कामं. किस्से फुकटात मिळतात. नावं मात्र बदलली आहेत, नाहीतर आमच्या डॉक्टर मॅडम माझाच श्वास कोंडतील.

*

फुंकण्याची तपासणी घेतो आमचा टेक्निशियन, गजूभाऊ. पेशंटनं पूर्ण दम लावावा म्हणून हा गळा फाडून ओरडतो, "लावा जोर! अजून! अजून! सोडू नका, थोडंच राह्यलं!"

भिंतीपलीकडे हाडांचे डॉक्टर बसतात. तिथं नंबर लावून बसलेल्या एक आजी एकदा आमच्या दारात आल्या अन् मला हळूच म्हणाल्या,

"झाली का वं बाई मोकळी? काय झालं, पोट्टा का पोट्टी?"

आत भाजीवाले रामरावजी मिशा पुसत बसले होते!

*

अभ्यासाचा नियम असा, की रोजचा पंप सगळ्यांचा चालूच. वरून एक जास्तीची गोळी. काहींची खरी, काहींची नुसती दिसायला तशी. कोणाला कोणती, हे मला माहीत नसतं अन् मॅडमनाही. हे मी अकोटच्या पुंडलिकरावांना समजावत होते. त्यांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेला.

"तुमाले मायत नाई?"

"नाही."

"डॉक्टरीनबाईले?"

"नाही."

"मंग द्या. बियानं घेतो तवा दुकानदारालेबी मायत नसते, उगवते का नाई!"

पुढं कोजागिरी आली. आपल्याकडं कोजागिरीला दम्याचं औषध खिरीतून देतात. आमच्या अभ्यासात दुसरं औषध चालत नाही, म्हणून मॅडमनी सगळ्यांना आधीच दम भरला होता. दुसऱ्या दिवशी मी पुंडलिकरावांना फोन लावला.

"खाल्ली का खीर?"

"खाल्ली."

"अहो, काय हे! कोणतं औषध होतं त्यात?"

"इचारलं ना म्या. खीर वाटनारा म्हने, थे कोनाले सांगत नसतात. मले वाटलं, तुमचाच मानूस आसन!"

*

पण शीतलनं मात्र माझी झोप उडवली होती. भातकुलीकडची पोर, वडिलांची झेंडूची शेती. फुलं तोडायला गेली की छाती भरायची. पहिल्यांदा आणली तेव्हा ओठ निळे पडले होते, बापानं उचलून आणली होती. पंप सुरू झाला अन् दोन महिन्यांत पोरगी खिदळायला लागली.

लगेच स्थळ आलं. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणते, "म्याडम, लगन जमेलोक पंप बंद ठेवतो. पंपवाली पोट्टी कोन करन?"

"बंद केला तर पोर हातची जाईल, कळतं का!" मी अशी कडाडले, की गजूभाऊ आतून धावत आला. मॅडमनीही समजावलं. आई नुसती मान हलवायची. तिचंही खोटं नव्हतं. गावात एक स्थळ खरंच असं मोडलं होतं.

*

परतवाड्याच्या रहीमचाचांचा संत्र्यांचा धंदा. त्यांना घरी फुंकायला एक छोटं यंत्र दिलं होतं. रोज सकाळी फुंकायचं अन् काटा कुठवर गेला ते फोनवर सांगायचं. पहिल्या आठवड्यात काटा मध्यावर. दुसऱ्या आठवड्यात एकदम टोकाला! मॅडम खूश. मला मात्र शंका आली.

"चाचा, फुंकतं कोण?"

"सब फुंकते बेटा. मैं, बेगम, दोनो लडके. जिसका जादा, वो तुमकू बताते. घर की इज्जत का सवाल है!"

*

अन् अकोल्याच्या आमच्या कुसुमकाकू. महिनाभराचा पंप आठवड्यात रिकामा! मी घाबरले. इतका ओढला असेल तर हात थरथरायला पाहिजेत, छाती धडधडायला पाहिजे. काकू तर ठणठणीत, नुसता खोकला.

"काकू, पंप घेता कसा?"

"मी कायले घेऊ? तुमीच त सांगतलं, हवेनं दमा होते म्हून. मंग म्या रोज दारं लावून हवेलेच औषध देल्लं!"

*

शीतलला पाहायला पाहुणे यायचे ठरले. पंप घरात दिसायला नको, हा आईचा हट्ट. पंपाशिवाय पोरीला बसू देणार नाही, हा माझा. शेवटी तोडगा निघाला, की मी 'मावशी' म्हणून जायचं अन् पंप माझ्या पर्समध्ये.

मुलगा बरा होता, लाजरा. सोबत आईवडील. शीतल चहा घेऊन आली, बसली, नाव-गाव झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरात काकीनं पोह्यांच्या फोडणीत मिरच्या टाकल्या. ठसका आला तो थेट बैठकीत!

सगळेच खोकले. बाकीचे थांबले, शीतल थांबेना. छातीतली शिट्टी मला ऐकू यायला लागली. आई घाईनं म्हणाली, "काई नाई, सर्दी हाये तिले." माझा हात पर्सवर. काढू की नको? काढला तर स्थळ जातं, नाही काढला तर पोर. बाप उठून उभा राहिला होता. मी चेन ओढलीच.

पण त्याच्या आधी शीतलच बोलली.

"मावशी, पंप द्या."

सगळ्यांसमोर तिनं तो हलवला, श्वास सोडला, तोंडात धरला, सावकाश ओढला अन् दम रोखून बसली. मग पुन्हा एकदा. हळूहळू शिट्टी कमी झाली. आईनं पदरात तोंड लपवलं होतं.

मुलाची आई एकटक पाहत होती. मग वळली ती थेट नवऱ्याकडं.

"पाह्यलं? असा घेतात पंप! नाईतं तुमी, इतक्या वरसापासून नुसते जिभीवर मारून रायले!" अन् शीतलच्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, तारीख काढा लवकर. आमच्या यायले शिकवाले कोनीतरी घरात पायजे!"