सिंधूताई बांगडीवाली आणि माझं रजिस्टर

सिंधूताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. बदली होऊन मी जानेफळजवळच्या एका लहान गावात, उपकेंद्राची सिस्टर म्हणून आले, त्याच महिन्यातली गोष्ट. लसीकरणाच्या दिवशी बघते तर उपकेंद्राच्या ओट्यावर एक बाई बांगड्यांची पेटी उघडून बसलेली. लसीसाठी बोलावलेल्या बायका माझ्याकडे पाठ करून तिच्यापुढे हात धरून बसल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"हा सरकारी ओटा आहे, बाजार नाही," मी म्हणाले.

तिने घाई केली नाही. समोरच्या बाईच्या हातात शेवटची बांगडी चढवली, पेटी मिटली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाया बांगड्यायसाठी येतेत सिस्टर. सुईसाठी कोन खुशीनं येते?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पुढच्या वेळेपासून ती समोरच्या कडुलिंबाखाली बसू लागली आणि मी तिच्या गर्दीतून एकेक बाई ओढून आणू लागले. असं आमचं बरं चाललं होतं.

सिंधूताई पन्नाशीच्या, काटक. बौद्ध वस्तीतलं घर. नवरा अचानक गेला तेव्हा पोटापाण्यासाठी त्यांनी ही पेटी उचलली. जानेफळ, डोणगाव, अमडापूर, जिथे आठवडी बाजार असेल तिथे एसटीने जायचं. मधल्या दिवसांत खेडी. सुरुवातीला बायका कुजबुजल्याच की विधवेच्या हातून चुडा कसा भरून घ्यायचा. सिंधूताईंनी कुणाशी वाद घातला नाही. हात मात्र इतका हलका ठेवला की काचेची बांगडी सहसा टिचायची नाही. हळूहळू बायका ते सगळं विसरल्या. "आमी कुठं शकुन-अपशकुन मानतो?" त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "पन गिऱ्हाईक मानते ना. माह्या तोंडातून वंगाळ निंघालं का धंदा बसला."

म्हणून सिंधूताई कुणाच्या दुःखाबद्दल कधी बोलत नसत. सातव्या महिन्यात ओटी भरायच्या आधी बायका त्यांच्याकडून हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या. कुणाचं काय झालं, कोणती परत आली नाही, हे त्यांना कळत असणारच. पण ते त्यांच्या पेटीबरोबर मिटलेलं असायचं.

आणि माझं रजिस्टर? त्याचा मला फार गर्व होता. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. महिन्याच्या अहवालात मातामृत्यू शून्य, बालमृत्यू शून्य. मीटिंगमध्ये साहेब माझं रजिस्टर हातात धरून बाकीच्यांना दाखवायचे आणि मी खाली मान घालून आतून फुगायचे.

पायलची नोंद त्याच रजिस्टरात होती. वय बावीस, पहिलटकरीण. तपासणीला ती सासूबरोबर यायची. कितवी खेप, असं मी विचारलं, सासू म्हणाली "पहिलीच", मी लिहून टाकलं. पायल तेव्हा वजनकाट्याकडे बघत होती.

तिची ओटी भरली त्यानंतर चार दिवसांनी सिंधूताई उपकेंद्रात आल्या. पेटीशिवाय. इकडंतिकडं बघून त्यांनी दार लोटलं.

"ते पायल. तिचा हात पाह्यला का तुमी?"

"पुढच्या तपासणीला बघीन."

"दोन-चारच्या मापाचा हात हाये तिचा. यावेळी दोन-आठची मोठी बांगडी बी अडकली. साबन लावला तरी जाईना. ओढून नाही भरली मी, सोडून देल्ली."

"सातव्या महिन्यात थोडी सूज येते, सिंधूताई." माझा आवाज शिकवत असल्यासारखा झाला.

"मांगच्या खेपीले बी अशीच अडकली होती."

"कसली मागची खेप? पहिलटकरीण आहे ती."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. बोलावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सांगून टाकलं. पायलचं माहेर अमडापूरचं. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बाजारात त्यांनीच तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. पंधरा दिवसांनी तिची आई नव्या बांगड्या घ्यायला आली, कारण जुन्या दवाखान्यात फोडाव्या लागल्या होत्या. पोरीला झटके आले होते. ती कशीबशी वाचली, लेकरू दोन दिवस जगलं.

"दुसरी कोणी असेल," मी म्हणाले.

"तोंडं विसरतो मी. हात नाही विसरत. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाये तिच्या."

मी कपाट उघडलं. माझ्या आधीच्या सिस्टरचं जुनं रजिस्टर तळाशी होतं. वर्षभरात मी ते एकदाही उघडलं नव्हतं. त्यात पायल सापडली. पुढे शेरा होता, "बाळंतपणासाठी माहेरी गेली". अमडापूरकडच्या सिस्टरला फोन लावला. तिने तिची वही चाळली. तिच्याकडे पायल वडिलांच्या नावाने होती आणि पुढे शेरा होता, "सासरी परत गेली". दोन गावांनी मिळून पायलचा नुसता प्रवास लिहिला होता. दोन दिवस जगलेलं मूल कुठेच नव्हतं. दोन्हीकडे बालमृत्यू शून्य.

रक्तदाबाचं यंत्र उचललं आणि तशीच पायलच्या घरी गेले. सासू धान्य निवडत होती. मी सरळ विचारलं. तिने सुपावरची नजर हलवली नाही.

"गेलेलं लेकरू कोनी मोजते का बाई? अन् ओटी भरल्यावर त्याचं नाव काऊन काढून राह्यल्या तुमी?"

ती दुष्ट नव्हती. तिला वाटत होतं, पहिलं आठवलं की दुसरंही त्याच वाटेनं जाईल. पण ते मला नंतर सुचलं; तेव्हा तिला चार शब्द सुनावले, आणि ते अजून मला टोचतात. पायल भिंतीला टेकून बसली होती. मी पट्टा बांधला. वरचा रक्तदाब एकशे साठ, खालचा एकशे दहा. डोकं दुखतं का, विचारलं. तीन दिवसांपासून दुखतंय म्हणाली. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग आपणहून म्हणाली, "पोरगी होती, सिस्टर. दोन दिस होती." आणि रडू लागली. सासूने सूप बाजूला ठेवलं.

एकशे आठची गाडी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं, इंजेक्शनं सुरू झाली. दोन आठवड्यांनी दिवस भरायच्या आतच बाळंतपण करावं लागलं. मुलगा. महिनाभर काचेच्या पेटीत होता. मायलेकरू दोघं घरी आली.

इथे मी थांबले असते तर माझीच पाठ थोपटून झाली असती. पण मी मूर्खासारखी सासूला सांगून बसले होते की मला हे कुणाकडून कळलं. बांगडी भरता भरता मेलेलं लेकरू मोजते, असं सिंधूताईंचं नाव गावभर आणि आजूबाजूच्या खेड्यांत झालं. पुढच्या लसीकरणाला लिंबाखाली पेटी उघडी होती आणि समोर एकही हात नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी सिंधूताई आल्याच नाहीत.

शेवटी मी डोणगावच्या बाजारात त्यांना गाठलं. माफी मागितली. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"तुमाले बोलाचा पगार भेटते," त्या म्हणाल्या. "माह्यी तीन गावं सुटली."

मी तिथेच उभी राहिले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं आलं. ही दुसरी पोटुशी होती; तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरताना त्यांनी तो हात जरा जास्त वेळ धरला, बोटाने हळूच दाबला. दाबल्या जागी सुजेचा खड्डा राहिला. ती पोर हसत हसत दूर गेली तेव्हा सिंधूताई माझ्याकडे न बघता बोलल्या.

"त्या बाया माह्याजवळून भरतीन नाही त दुसरीजवळून. पन हात त जिता पाह्यजे."

मग पेटीत वाकून, काहीतरी शोधल्यासारखं करत, त्यांनी हळू आवाजात मला त्या पोरीचं गाव आणि नाव सांगितलं. "अन् माह्यं नाव कुठंच घ्याचं नाही," असंही बजावलं. मी वही काढून दोन्ही लिहून घेतलं आणि त्या मुलीच्या मागे निघाले.