शेवट सांगू की नको?

सुशी आज सकाळी गेली, आणि माझ्या हातातल्या पुस्तकाची शेवटची पानं वाचायची राहिली.

या वाचनाच्या ग्रुपवरच्या तरुण मंडळींना सुशी कोण ते माहीत नसणार.

सुशीला. माझी बालमैत्रीण. परळच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती, तीही नावापुरती. ती पलीकडे खोकली की माझी आई इकडे काढा ठेवायची.

हल्ली तुम्ही लोक पुस्तकाला स्टार देता. पाचपैकी चार. म्हणजे नेमकं काय, ते देणाऱ्यालाच ठाऊक.

सुशी खडूने रिव्ह्यू लिहायची.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या तोंडाशी काळा फळा होता, त्यावर सभा-मोर्चाची खबर असायची. "संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा. बायकांनीही यावे."

त्याखाली जी जागा उरेल ती सुशीची. चाळीच्या मंडळाच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यातलं पुस्तक वाचून झालं की ती फळ्यावर त्याबद्दल लिहायची.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हौसेच्या भरात अख्खी गोष्टच लिहून टाकली. कोणी कोणाला विष घातलं तेसुद्धा.

शेजारचे अण्णा त्या पुस्तकासाठी कधीचे नंबर लावून बसले होते. गॅलरीतून ओरडले, "अगं ए शहाणे! आता मी काय वाचू, छापखान्याचा पत्ता?"

सगळी चाळ हसली. सुशी रडली, आणि जाऊन फळा पुसून आली.

तेव्हापासून नियम झाला. शेवट सांगायचा नाही. कोणी वाचावं आणि कोणी वाचू नये, तेवढंच लिहायचं.

"सासूशी पटत नसेल तर जरूर वाचा. पटत असेल तर राहू द्या."

"सुरुवात रटाळ आहे. दम धरा, पुढे नदीला पूर येतो."

"बाळंतिणीने वाचू नये."

लोक सभेची वेळ बघायला यायचे आणि पुस्तक घेऊन जायचे.

मग गोळीबार झाला.

आमच्या चाळीतल्या सखूमावशीचा किसन मोर्चाला गेला, तो परत आला नाही.

मावशीला वाचायला किसननेच शिकवलं होतं. एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायची.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती सुशीच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो.

"सुशे, ते फळ्यावरचं पुस्तक चांगलं हाय म्हनं?"

"हो मावशी."

"त्यात कोन मरतंय काय?"

सुशी माझ्याकडे बघायला लागली. नियम तिचाच होता.

"मावशी, शेवट आधी सांगितला तर मजा जाते."

"माज्या वाटनीची मजा गेली गं बाय. तू सांग. मरतंय काय?"

सुशीने सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. पोरगा बोटीवर कामाला जातो, वादळ होतं, आई किनाऱ्यावर वाट बघत बसते. मावशीने पदर तोंडात धरला होता.

"आनि मग?"

"येतो परत, मावशी."

"नक्की?"

"नक्की. शेवटच्या पानावर तो जेवायला बसलेला आहे."

मावशी पुस्तक घेऊन गेली. ते परत मागायला कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर अगदी खाली एक नवी ओळ आली. ती कधीच पुसली गेली नाही.

"शेवट आधी हवा असेल तर सुशीलाला घरी येऊन विचारावे."

आणि लोक यायचे, बरं का. ज्यांच्या घरात दुखणं असायचं ते हळूच विचारून जायचे. बायको इस्पितळात होती तेव्हा अण्णासुद्धा आले होते.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले. सखूमावशीने तिचा पेढा किसनच्या फोटोपुढे ठेवला.

मग आमची लग्नं झाली. ती माटुंग्याला, मी दादरला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचो. गुडघे गेले तसं भेटणं फोनवर आलं. पुस्तक कुठलंही असो, एकमेकींना "जय भीम" घालून झालं की तिचा प्रश्न तोच.

"शेवट सांगू की नको?"

मी कायम म्हणायची, "नको गं, वाचते की." वाटायचं, वाचून झाल्यावर भांडायला ही आहेच.

गेल्या महिन्यात तिने हे पुस्तक पाठवलं. दोन म्हाताऱ्या बहिणींची गोष्ट. मी फोनवर विचारलं, "कोणासाठी आहे गं हे?"

"हट्टी बायकांसाठी. म्हणजे तुझ्यासाठी. शेवट सांगू की नको?"

"नको."

आता थोडीच पानं राहिलीत. धाकटी बहीण आजारी आहे. आज तिच्या मुलीचा फोन आला, म्हणजे सुशीच्या मुलीचा, तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं. ते मी मिटून ठेवलंय.

नातू म्हणतो, "आजी, नेटवर शेवट मिळेल."

मिळेल रे बाबा. पण मला तो सुशीकडून ऐकायचाय. तिने सूप बाजूला ठेवून, अगदी पहिल्यापासून सांगायला हवा. फार आठवण येतेय तिची.

सुशे, आज मी विचारतेय.

सांग ना गं. त्यात कोण मरतंय काय?

जय भीम, बाय माझी. सावकाश जा.