साडूभाऊंचा सढळ हात

प्रेमानं झाडं मारावीत ती आमच्या साडूभाऊंनीच. दिघीपासून तळेगावपर्यंत आमचे जेवढे म्हणून नातेवाईक आहेत, त्यांच्या गॅलऱ्यांमध्ये ऊन, कबुतरं आणि सोसायटीची पाणीकपात यांनी मिळून जेवढ्या कुंड्या मारल्या नसतील, तेवढ्या एकट्या साडूभाऊंच्या मायेनं गेल्या आहेत. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, त्यांना वर्ज्य असं काही नाही. दारात चप्पल काढताना त्यांची नजर कुंडीवर जाते. "झाड लई अशक्त हाय राव तुमचं," असं म्हणत ते खिशातून प्लास्टिकची पुडी काढतात आणि आपण आतून पाण्याचा तांब्या आणेपर्यंत मूठभर खत कुंडीत घालून मोकळे होतात. आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात, मग पानं जातात, मग झाडही जातं. आपण मनातल्या मनात शब्द जुळवत असतो, तेवढ्यात त्यांचाच फोन येतो, "काय मग, फुटवा कसा हाय?"

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चाकणच्या बाजूच्या एका खेड्यातले. घरची शेती भावानं सांभाळली आणि हे जवळच्याच एका खताच्या कारखान्यात चिकटले ते चिकटलेच. दाणेदार अमोनियम फॉस्फेट, म्हणजे शेतकरी ज्याला अठरा-सेहेचाळीस म्हणतात ते, तिथं तयार होतं आणि त्याची गोळी वळणाऱ्या भल्यामोठ्या फिरत्या ड्रमवर साडूभाऊंची ड्यूटी. "ॲसिड आन् अमोनिया भेटलं की आशी उकळी फुटती म्हणता! ती गरम रबडी ड्रमात फवारायची. आत बारीक दाणा खेळतच आसतोय. त्याच्यावर थर, थरावर थर, की झाली गोळी. मग वाळवा, चाळा. मोठी झाली तर फोडा, बारकी राह्यली तर पुन्हा ड्रमात." हे सगळं त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी बोहल्यावर उभा होतो. समोर अंतरपाट होता, मंगलाष्टकं चालू होती, आणि साडूभाऊंच्या आवाजापुढं भटजींचं काही एक चाललं नाही. माझ्या बायकोनं अंतरपाटाच्या पलीकडून ऐकलेलं संसारातलं पहिलं वाक्य म्हणजे 'पुन्हा ड्रमात'.

आवाजाचा दोष त्यांचा नाही. ड्रमच्या आत ओला माल चिकटून बसू नये म्हणून बाहेरून त्यावर सतत हातोडे पडत असतात आणि त्या ठणठणाटात जो बोलायला शिकला तो कुजबुजणार कसा? त्या हातोड्यांची सवय मात्र हातात उतरली. दिसेल ती वस्तू साडूभाऊ ठोकून पाहतात. पावसाळ्यात ते आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या, मिठाच्या, रव्याच्या डब्यांना थापा मारतात. "ओल धरलीया. गठ्ठा व्हनार," असं भविष्य वर्तवतात, आणि ते खरं ठरतं, हे माझ्या बायकोला अजिबात आवडत नाही. लग्नकार्यात त्यांना कांदे चिरायला बसवतात. अख्ख्या पोत्याचे कांदे चिरले तरी डोळ्यांतून टिपूस नाही. अमोनियानं त्यांचे डोळे कधीच पक्के केले आहेत. पण कांदे संपले की ते आचाऱ्याकडे वळतात, आणि तिथं खरा प्रसंग ओढवतो. एकदा बुंदी पडत असताना त्यांनी कढईतली चार दाणे बुंदी तळहातावर घेतली, बोटानं फिरवून पाहिली आणि म्हणाले, "झारा बदला. निम्मी गोळी साइजमदी न्हाई." आचारी झारा घेऊन उठला, पण तो बदलण्यासाठी नव्हे.

खंडेनवमीला ते आम्हाला सहकुटुंब कारखान्यात नेतात. त्या दिवशी यंत्रं बंद असतात, धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेली असतात. एका वर्षी साडूभाऊंनी भक्तीच्या भरात थेट ड्रमच्या तोंडाशी नारळ फोडला. एक भकल आत उडालं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळणीवर खोबऱ्याचा कीस आला. साहेबांनी बोलावून घेतलं, तर साडूभाऊ म्हणाले, "साहेब, प्रसाद समद्या महाराष्ट्रात पोचंल." साहेबांना हसू आवरेना म्हणून नोकरी वाचली, असं ताई सांगतात.

ताई म्हणजे साडूभाऊंच्या पत्नी, माझी थोरली मेहुणी. या माऊलीनं त्यांचे कारखान्याचे कपडे कधी घरात येऊ दिले नाहीत. वास येतो म्हणून गॅलरीत वेगळी दोरी. त्याच गॅलरीत, दोरीपासून शक्य तितका लांब, एक मोगरा आहे. सासूबाईंच्या तळेगावच्या अंगणात मोठा मोगरा होता. त्या गेल्या, घर बिल्डरला गेलं, तेव्हा दोघी बहिणींनी एकेक फांदी आणून लावली. माझ्या बायकोच्या फांदीनं छान जीव धरला होता. मग साडूभाऊ भेटायला आले. पुढचं सांगायला नको. बायको त्या रात्री जेवली नाही, आणि भाऊजींना एका शब्दानंही बोलली नाही, कारण ते रोज फोन करून फुटव्याची चौकशी करत होते. तेव्हा आता आईच्या अंगणातलं जे काही उरलं आहे ते ताईंच्या एका कुंडीत. त्या कुंडीला साडूभाऊंनी हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा.

गेल्या हिवाळ्यात ताई मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघाल्या. स्टेशनवर त्यांनी नवऱ्याला औषधं, गॅस, दूध यांतलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मोगऱ्याला पाणी घाला. दुसरं काहीसुद्धा घालू नका. माझ्या आईची शपथ आहे तुम्हाला."

दुसऱ्याच दिवशी साडूभाऊ स्कूटरच्या पुढ्यात खताची गोणी घेऊन माझ्या दारात हजर. खिशातली पुडीसुद्धा त्यांनी माझ्यासमोर गोणीत रिकामी केली. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. घरात आसली तर हात जाईल." माझ्या बायकोनं गोणीकडे अशी काही नजर टाकली की मी ती मुकाट्यानं जिन्याखाली ठेवली.

मग सुरू झाले फोन. नवं पान आलं की फोन, पान पिवळं पडलं की फोन. "साडूभाऊ, पिवळं म्हंजे भूक लागलीया त्याला. चार दानं?" मी म्हणायचो, "शपथ." पलीकडून मोठा सुस्कारा. तिकडून ताई व्हिडिओ कॉल करायच्या तेव्हा साडूभाऊ नातवाला बघण्याआधी कुंडी कॅमेऱ्यापुढं धरायचे, चारही बाजूंनी फिरवून दाखवायचे. एका रविवारी ते न सांगता आले, वर न येता जिन्याखालीच गोणीशेजारी बसले. मी खाली गेलो आणि गमतीनं म्हणालो, "काय राव, भेटायला आलात होय हिला?"

ते हसले नाहीत. गोणीवर थाप मारून म्हणाले, "आमची गोळी कुटं कुटं गेली बगा. उसाला, बटाट्याला, कांद्याला. लोकांची शेतं पिकली. आन् माझ्या घरात बायकूनं कदी चिमूटभर मागितली न्हाई. आता रिटायर व्हयाची येळ आली. एकदा मागावी, बास. दुसरं काय न्हाई." आयुष्यभर मी या माणसाची थट्टा केली, पण त्याला असं काही हवं असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तरी मी गोणीचं तोंड सोडलं नाही आणि त्यांनीही तसं सुचवलं नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा ताई परतल्या. आम्ही दोघं चऱ्होलीला त्यांना भेटायला गेलो. बाळाचे फोटो बाजूला ठेवून ताई आधी गॅलरीत. मोगरा जिवंत होता, हिरवा होता, पण एकही कळी नव्हती. त्यांनी फांद्या वाकवून पाहिल्या, पानं उलटून पाहिली. साडूभाऊ दारात उभे, परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे. "म्या पाण्याबिगर काय घातलं न्हाई," ते म्हणाले. "आईची शपथ."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी कुंडीतली माती बोटानं उकरून पाहिली. "अहो, मागच्या वर्षीही फुलला नाही हा. थकलाय. तुमचं ते खत थोडं घालता का?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग स्कूटरची किल्ली घेतली. भर दुपारी मी त्यांच्या मागं बसून दिघीला आमच्या घरी आलो. जिन्याखाली त्यांनी गोणी सोडली, मूठ भरून दाणे हातावर घेतले आणि निवडायला बसले. हा चपटा, हा फुटका, हा ओल धरलेला. मी म्हणालो, "राव, मोगऱ्याला घालायचंय, नथीत बसवायचं नाही." त्यांनी ऐकलंच नाही. शेवटी मोजके करडे दाणे कागदात बांधून आम्ही परत गेलो.

गॅलरीत त्यांनी कागद उघडला, दाणे तळहातावर घेतले आणि कुंडीपाशी जाऊन थांबले. हात पुढं झाला नाही. मला वाटलं, आता मोठं व्याख्यान होणार. पण ते ताईंकडे वळले आणि हात त्यांच्यापुढं धरला.

"तू घाल," ते म्हणाले. "माझ्या हाताला माप न्हाई."

ताईंनी त्यांच्या तळव्यावरून एकेक दाणा उचलला आणि खोडापासून लांब, कुंडीच्या कडेनं मातीत बोटानं दाबला. माझी बायको आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि तिनं तो साडूभाऊंच्या हातात दिला.