लंगडा प्रधान

आमच्या घरात पलंगावर चहा मिळायची सोय फक्त माझ्या उजव्या टाचेला होती.

चामोर्शीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्यात नायक मीच! (वय पन्नाशीकडे झुकलंय, पण मिशीला काजळ फासलं की विषय संपतो.) गेल्या मंडईत मी सिंहासनावरून जोशात उडी मारली आणि टाचेवरचा तो दोरीसारखा स्नायूबंध दुखावला. पावसाळा सरला तरी माझं लंगडणं काही सरेना. इकडे माझा मेहुणा रमेश, म्हणजे नाटकाचा ढोलकीवाला, माझे संवाद पाठ करू लागला. नायकाची भूमिका हातची जाते या धास्तीनं मी चंद्रपूरची फिजिओथेरपीवाली डॉक्टरीण गाठली.

तिनं पाय दाबून, वाकवून पाहिला. "काका, टाच बरीच सुधारली आहे. आता मेंदू घाबरलाय."

"म्हंजे मी सोंग करून राह्यलो का?"

"नाही हो! दुखणं खरंच आहे. धानाच्या मचाणावर राखणदार असतो ना? एकदा डुक्कर येऊन गेलं की पान हललं तरी बोंबलतो. तुमच्या मेंदूचं तसंच झालंय. डुक्कर गेलं, हे त्याला पटवायचं."

पटवायची रीत अशी: एका ठोक्यावर टाच सावकाश उचलायची, दुसऱ्यावर सावकाश टेकवायची. त्यासाठी तिनं फोनमध्ये टकटक करणारं अ‍ॅप टाकून दिलं.

"घरात ढोलकी असतानी फोन कायले पाह्यजे?" आमच्या सौ. सुमनबाई म्हणाल्या. झालं! दुसऱ्या दिवशी अंगणात मी भिंतीला हात टेकून उभा, आणि समोर रमेश.

धा... टाच वर. धा... टाच खाली. सुरुवात कशी छान झाली! पण ढोलकीवाल्याचा हात तो, संथ किती वेळ राहणार? लय चढली.

"रमेश, हळू!"

"भाऊजी, हात आयकतच नाई!"

टाचेमागून कंबर गेली, कंबरेमागून मान. वाळत घातलेल्या धानातून मी नाचत सुटलो! कुंपणावरून शेजारच्या पार्बताबाई ओरडल्या, "सुमन, तुह्या नवऱ्याच्या अंगात आलं वो! लिंबू आन, लिंबू!" लिंबू उतरलं, कुंकू लागलं, दोघीतिघी पाया पडल्या. एकीनं तर पोरीचं लग्न कधी जमेल तेही विचारलं. (मी "माघात" म्हणालो. तोंडून गेलं!)

"पाय नाई दुखला का जी?" सुमननं विचारलं.

अरेच्चा! इतका वेळ काहीच दुखलं नव्हतं. तिनं विचारलं आणि लगेच कळ आली.

फोनवर डॉक्टरीण खूप हसली. "राखणदार नाचात रमला होता, काका! पण असं पुन्हा नाचू नका. टाचेला जोर हळूहळूच द्यायचा."

ढोलकी बंद झाली. मग रोज सकाळी चूल सोडून सुमन पितळी ताट आणि पळी घेऊन समोर बसायची. तिचा एक ठोका इकडचा तिकडे होत नसे. मी घाई केली की पळी माझ्या दिशेनं वळायची. ती अशी चिकाटीनं बसली नसती तर मी अजून पलंगावरच असतो.

हळूहळू कळ गेली, टाच ठणठणीत झाली आणि मी ऐटीत तालमीला गेलो. दिग्दर्शक म्हणाले, "भाऊ, तुमचा पाय पाहून म्या नायक रमेशले देल्ला. तुमाले लंगडा प्रधान ठेवला हाये. तुमच्यासारखं कोनी लंगडत नाई!"

मंडईच्या नाटकात मी पहिल्या प्रवेशात उजव्या पायानं लंगडलो, दुसऱ्यात डाव्या, आणि तिसऱ्यात तरातरा चालत दरबारात शिरलो. लोक ओरडले, "प्रधानजी, पाय इसरले!"

पडदा पडल्यावर सुमन तणतणत आत आली. "काय जी, वर्षभर पलंगावर चहा पेत पेत घरी येवढं झकास लंगडत होते, अन् लोकायसमोर तेवढंबी जमलं नाई?"