चावणारा माइक

“माइक जरा चावून राह्यला, पण आवाज एकदम बराबर,” साउंडवाला हॉलच्या वॉचमनकाकांना सांगत होता. दोघंही हसले. मी स्टेजच्या पायरीवर दादाच्या गाण्यांची वही मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सहसा नसायचंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावात मस्तगडच्या बाजूला एक लहानसं मंगल कार्यालय आहे, तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. लग्नतिथी नव्हती म्हणून हॉल मिळाला. कॉलेजातली चार पोरं, एक गिटार, भाड्याचा कीबोर्ड, जुने ड्रम आणि दादानं स्वतः लिहिलेली गाणी. पिक्चरचं एकही गाणं म्हणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. बँड म्हटलं की लोक विचारायचे, कुणाच्या वरातीत?

“पिक्चरचं न्हाई, मंग नाचायचं कशावर?” वॉचमनकाकांनीही विचारून घेतलं.

दादानं माइक धरला आणि त्याचा हात झटक्यात मागे आला. त्यानं तळवा पँटला पुसला. “झिणझिण्या येतात फक्त,” तो म्हणाला, आणि पुन्हा धरला. त्याच्या पायात रबरी चपला होत्या. हे मी तेव्हा नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

आमचे बाबा एमआयडीसीतल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. लहानपणी ते रविवारी कधी कधी मला मिलमध्ये न्यायचे. पॅनलरूमच्या मागे जमिनीत एक खड्डा होता. एक कामगार रोज त्यात दोन बादल्या पाणी ओतायचा. अर्थिंगचा खड्डा, बाबा म्हणायचे, तो कोरडा पडला की मशीनमधली गळकी वीज जमिनीत जात नाही, मग ती माणसातून जाते.

मी उठून हॉलच्या मागे गेले. तिथल्या अर्थिंगच्या खड्ड्याची सिमेंटची झाकणी बाजूला पडलेली. आत तार उतरलेली, आणि माती इतकी तडकलेली की फटीत बोट गेलं असतं. एप्रिल होता. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं.

“काका, यात पाणी टाकता का?” मागे आलेल्या वॉचमनकाकांना मी विचारलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“प्यायला टँकर बोलवून राह्यलो मॅडम, अन् याला कुठून पाजू?”

गिटारवाला मागून म्हणाला, “कॉन्व्हेंटात शिकवतात वाटतं, खड्ड्याला पाणी घालायला.” सगळे हसले. मीही थोडं हसले आणि परत पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या कप्प्यातला टेस्टर पर्समध्ये घालून आणला. स्टेजवर कुणी नसताना त्याचं टोक माइकच्या जाळीला टेकवलं. टेस्टरच्या मुठीतला बारीक दिवा लागला. लाल, अगदी स्थिर. मी दादाला बोलावून दाखवलं.

त्यानं टेस्टर माझ्या हातातून घेऊन खिशात टाकला. “बाबांना कळलं तर ते येऊन मेनच बंद करतील. दोन वर्षं बियाण्याच्या गोडाऊनमध्ये घामाघूम होत प्रॅक्टिस केली आम्ही. तुला हे बंद पाडायचंय?”

मी मान हलवली. नाही.

“मग गप्प बस. ते तुला चांगलं जमतं.”

संध्याकाळी खुर्च्या भरत गेल्या. कूलर घरघरत होता, पण हवा हलत नव्हती. सुरुवातीला पूजा. टेबलावर सरस्वतीचा फोटो, हार, उदबत्ती. देवीसमोर जायचं म्हणून चौघांनी चपला काढून पायरीखाली ठेवल्या. गिटारवाल्याच्या आईनं गिटारला, ड्रमला, माइकच्या स्टँडला कुंकू लावलं, स्टेजच्या कडेवर नारळ फोडला, आणि नव्या ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं त्याचं पाणी सगळ्या सामानावर शिंपडलं. उरलेलं स्टेजवर ओतलं. सिमेंटवरून त्याचा एक ओघळ हळूहळू माइकच्या दिशेनं गेला.

दादा त्या ओघळात उभा राहिला. अनवाणी. काल पायात रबरी चपला होत्या म्हणून झिणझिण्यांवर निभावलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. साउंडवाल्यानं खटका दाबला, स्पीकर घुमायला लागला. दादानं केस मागे सारले आणि दोन्ही तळवे पँटला पुसले.

शाळेत हजेरीला मी ‘प्रेझेंट’ म्हणायचे ते बाईंपर्यंतही पोचायचं नाही. मी खाली वाकले, पायरीखालच्या त्याच्या चपला उचलल्या आणि स्टेजवर चढले. पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “अगं, देवीपुढं चपला? काय करून राह्यली ही?”

मी चपला त्याच्या पायांपाशी, नारळाच्या पाण्यात ठेवल्या. त्याचा हात माइकपासून वीतभर लांब होता. चेहरा रागानं लाल झाला होता. मी बोलले ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं असणार.

“माइकला हात लावू नको, दादा. आधी ह्या घाल. बाबांना मी बोलावते.”