पायात भरलेलं वारं

नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन ती दवाखान्याच्या फरशीवर बसली होती आणि अंगठ्यानं त्याची पोटरी दाबत होती. बोरीच्या शिवारात, तोडणी झालेल्या रानात मेंढरं चारताना त्याच्या टाचेत उसाचं धसकट घुसलं होतं. माझी ड्युटी संपत आली होती. अजून एक ड्रेसिंग, म्हणून मी वैतागूनच खाली टेकले.

"वारं भरलंय, ताई. दाबलं की आतनं चरचरतं बगा. रातभर दाबून दाबून काढतेय. काल लई वरडत व्हते, आता कसं गप पडल्यात."

तिचा चेहरा दमलेला होता, पण समाधानी.

मी फडकं सोडलं आणि कुजका, गोडसर वास आला. पोटरी तांबूस पडली होती, वर काळपट फोड होते. बोट टेकवलं तर सुक्या पाचटावर पाय पडावा तसं कातडीखाली वाजलं. आत मांस सडून वायू धरला की असं वाजतं. आणि दुखायचं थांबतं, कारण तिथं दुखायला काही जिवंत उरत नाही.

मी डॉक्टरांना हाक मारली आणि तिचा हात बाजूला केला. "आता दाबू नका, बाई."

"आन् वर चढलं म्हंजी?"

ते गुडघ्यापर्यंत चढलंच होतं.

पुण्याला न्यायला अँब्युलन्स आली. दार लावताना पाहिलं, तिचा हात सवयीनं पुन्हा त्या पायाकडे गेला. मग माझ्याकडे बघून तिनं तो स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला.