शनिवारचा कठडा

मेडशीच्या कस्तुराबाई बावीस दिवसांपासून स्वतःच्याच घरात, वरच्या मजल्यावर अडकून पडल्या होत्या. कुलूप कोणी लावलं नव्हतं. जिना जागच्या जागी होता, सतराच्या सतरा पायऱ्या शाबूत होत्या. कठडा तेवढा नव्हता.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी हमालांनी गच्चीवरचा हरभरा खाली नेला. एकाचं पोतं वळणावर घसरून कठड्यावर आदळलं. कठडा हलला नाही, म्हणून कोणी पाहिलंही नाही. त्याचे पाय मात्र आतून गंजलेले होते. दुसऱ्या दुपारी कस्तुराबाईंनी रोजच्यासारखा त्यावर भार टाकला आणि कठड्यासकट त्या खाली आल्या. शेवटच्या तीन पायऱ्याच उरल्या होत्या, म्हणून खांद्यावर निभावलं.

मुलाचं, हरीओमचं, खाली बी-बियाण्यांचं दुकान. त्याने त्यांना उचलून वर नेलं आणि निकाल दिला, “माय, नवा कठडा लागल्याशिवाय एक पायरीबी उतरायची नायी.”

गुडघे असे, की आधार नसला तर पहिलीच पायरी विहिरीसारखी दिसायची. कस्तुराबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागल्या. खालून गिऱ्हाइकांचे आवाज येत, कोणी हसे, कोणी भांडे. माणसं दिसायची नाहीत, नुसते संवाद ऐकू यायचे. उभा जन्म मध्यभागी वावरलेल्या बाईला कोणी विंगेत उभं करून विसरून जावं, तसं झालं होतं.

एवढंही त्यांनी सोसलं असतं. पण मागच्या गल्लीत गंगू होती.

गंगू चाळीस वर्षं यांच्या शेतात निंदणी-खुरपणीला यायची. आधी ती मजूर आणि या मालकीणबाई होत्या. पुढे दोघी विधवा झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, आणि दुपारच्या चहाला एकमेकींवाचून चव राहिली नाही. गेल्या वर्षी गंगूचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून कस्तुराबाईच रोज तिच्या खाटेपाशी जायच्या. आता रामनवमी झाली, की गंगूची लेक स्नेहा तिला कायमचं नागपूरला नेणार होती. फोनवर गंगूला ऐकू येत नसे. समोरचं तोंड पाहिल्याशिवाय तिला शब्द कळत नसत.

हरीओम म्हणाला होता, “खुर्चीत बसवून चौघं जण उतरवतो तुले.”

“चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन मी,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आताच काहून घाई करून राह्यला?”

कठडा बनवणारा संघदीप हा गंगूचाच मुलगा. त्याने तो दहा दिवसांत तयार करून दारात आणला. पण त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला आणि शनिवारी घरात लोखंड घ्यायचं नाही, हा सासूकडून आलेला नेम कस्तुराबाईंनी पन्नास वर्षं पाळला होता. त्या वरूनच ओरडल्या, “आज नको रे बाप्पा! उद्या पाडवा हाय, उद्या आन!”

पाडव्याच्या पहाटेच संघदीप पोहरादेवीला गेला. यात्रेची गर्दी आवरायला लोखंडी अडथळे लावायचं काम त्याने घेतलं होतं. ते संपवून रामनवमीनंतर परतला तो दिवस शनिवार.

शनिवारी दुपारी खाली लोखंड घासल्याचा आवाज आला. पाठोपाठ सुनेचा, वैभवीचा, आवाज.

“संघदीपभाऊ, तो बाहेरच भिंतीले टेकवा. आज शनिवार हाय. उद्या लावजा.”

“उद्या मी नायी. मायले स्नेहाकडं पोचवाले सकाळच्या गाडीनं नागपूरले चाललो. आठ दिवस तरी तिकडंच.”

कस्तुराबाई खुर्चीवरून उठल्या. जिन्याच्या तोंडाशी आल्या. पहिली पायरी खोल खोल गेली, डोळे गरगरले, त्यांनी भिंत धरली.

“वैभवी! अवं, आन म्हणा आत!”

वैभवी जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. “आत्याबाई, शनिवार हाय.”

“ठाव हाय मले.”

“माह्या मायनं लोखंडी कढई धाडली होती. तवा शनिवारच होता. रातभर कुंपणावर ठेवली तुमी. माह्या भावासमोर.”

बारा वर्षांत सून हे पहिल्यांदा बोलली होती. कस्तुराबाईंना वाटलं, आपण स्वतःच एकेक गज ठोकून हा पिंजरा केला, आणि आता किल्ली हिच्याजवळ आहे.

“चुकलंच माय माह्यं,” त्या म्हणाल्या. “कढईचंबी चुकलं. आता सांग ना त्याले.”

वैभवीने पदर खोचला. मग मागे वळून म्हणाली, “भाऊ, घ्या आत. अन् लाइट जायच्या आधी उरका.”

ठिणग्या उडाल्या. तासाभरात कठडा उभा राहिला.

“काकू, सकाळीच तांबडा प्रायमर मारला,” संघदीप म्हणाला. “वाळू द्या. संध्याकाळी उतरा.”

“संध्याकाळ कोनं पाह्यली?”

त्या उतरू लागल्या. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून. हात चिकट होत होता, पण कठडा सोडला नाही. खाली वैभवी दोन्ही हात पसरून उभी होती. तिला धरावं लागलं नाही.

मागच्या गल्लीत, गंगूच्या घरी, बोचकी दाराशी बांधून ठेवलेली होती. खाटेवरून गंगूने मान वळवली. कस्तुराबाई बसल्या, तिचा हात हातात घेतला.

गंगूने आपल्या हाताला लागलेला तांबडा रंग पाहिला. मग कस्तुराबाईंचा तळवा उलटा करून पाहिला. बोटांच्या पेरापेरांत रंग भरला होता.

“हे कठड्याचं का वं?”

कस्तुराबाईंनी मान डोलावली.

गंगूने त्या तळव्यावरून बोट फिरवलं. “पन बाई,” ती हळूच म्हणाली, “आज तं शनिवार व्हय.”

“व्हय,” तिला नीट दिसावं म्हणून तोंड जवळ नेत कस्तुराबाई म्हणाल्या. “शनिवारच व्हय.”